पटाचा हंगाम आला, जोडीची तपासणी झाली का?

धान खळ्यावरून घरी येते, कापसाची वेचणी चालू असते, तूर फुलावर असते, आणि गावोगावच्या पानठेल्यांवर रंगीत पत्रके झळकू लागतात. 'भव्य इनामी शंकरपट.' पहिले बक्षीस इतके, दुसरे इतके, प्रवेश फी इतकी. कन्हान नदीच्या पुलावरून टेम्पोत उभ्या केलेल्या बैलजोड्या जाताना दिसू लागल्या की समजावे, पटाचा हंगाम आला. महाशिवरात्रीच्या आगेमागेपर्यंत त्याची धामधूम असते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या झाडीपट्टीत तर दिवसा पट आणि रात्री नाटक हे ठरलेलेच. लेकी माहेरी येतात, पाहुणे मुक्कामाला राहतात, सोयरिकीच्या गोष्टीही तिथेच निघतात.

माझे काम पिकांचे. खत, बियाणे, कीड-रोग यांविषयी सांगायला मी बांधावर जातो. पण हिवाळ्यात पारशिवनी, रामटेक, मौदा भागातला कास्तकार बोंडअळीचे बोलता बोलता जोडीवर कधी येतो ते कळत नाही. मग तीन प्रश्न हटकून निघतात. पटाला एवढे कागदपत्र कशाला? जोडी पटाला कशी तयार करावी? आणि हा नाद परवडतो का? या तीनही प्रश्नांचा विचार येथे एकत्र करू.

मोटारीच्या शर्यतीतही आधी तपासणी

घरातली तरणी मुले हल्ली मोबाईलवर मोटारींच्या शर्यती पाहतात. आपल्या देशातही मोटार शर्यतीची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे सुमारे पावणेचार किलोमीटरची धावपट्टी आहे. कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे. त्याच कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वन या जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार शर्यतीत उतरणारा पहिला भारतीय ठरला.

या खेळात 'टूरिंग कार' नावाचा एक प्रकार आहे. त्यात वेगळ्या घडणीची गाडी नसते. रस्त्यावर आपण पाहतो तशीच मोटार नियमात बसेल एवढी सुधारून पळवतात. एका दिवसात विजेता ठरत नाही. हंगामात अनेक फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीचे गुण मिळतात, आणि शेवटी गुणांची बेरीज करून अजिंक्य कोण ते ठरते. ब्रिटनमध्ये अशी स्पर्धा १९५८ पासून चालू आहे. तिथे तर कित्येक वर्षे अशी रीत होती की जो पुढे येईल त्याच्या गाडीत पुढच्या शर्यतीसाठी जादा वजन ठेवायचे. हेतू हा की एकानेच सगळा हंगाम मारून नेऊ नये, खेळात चुरस राहावी.

आपल्या कामाची गोष्ट मात्र पुढे आहे. गाडी धावपट्टीवर जाण्याआधी तिची तपासणी होते. वजन, इंजिन, टायर, चालकाचा पट्टा, डोक्यावरचे शिरस्त्राण, सगळे पाहिले जाते. शर्यत झाल्यावरही जिंकलेली गाडी पुन्हा तपासता येते. नियमाबाहेर काही सापडले तर आलेला नंबर जातो. तिथे कोणी म्हणत नाही की गाडी माझी, पेट्रोल माझे, मग तपासणी कशाला?

हे मोटारीचे झाले. मोटारीचा भाग तुटला तर दुकानात नवा मिळतो. बैलाचा पाय मोडला तर तो भाग कोणत्याही दुकानात मिळत नाही. मोटारीला दुखत नाही, बैलाला दुखते आणि सांगता येत नाही. म्हणून खरे तर तपासणीची गरज मोटारीपेक्षा बैलाला जास्त आहे.

बंदी का आली, पट परत कसा आला

तरुण वाचकांना सगळा इतिहास ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत पूर्वी अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह होते. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने त्यात बैलाची भर घातली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती दोन्ही थांबवल्या. बैलाच्या शरीराची ठेवण घोड्यासारखी पळण्याची नाही, आणि शर्यतीसाठी त्याला छळले जाते, असे त्या निकालात सांगितले होते.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने काही अटींवर सूट दिली, पण पाचच दिवसांत तिला न्यायालयाची स्थगिती मिळाली. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या देण्यास मनाई केली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या कायद्याप्रमाणे व नियमांप्रमाणे शर्यती घेण्यास वाट मोकळी करून दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तामिळनाडू व कर्नाटक या तीनही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

यातली मेख नीट ध्यानात घ्या. बैलाला वाटेल तसे पळवा, असे न्यायालयाने कुठेही म्हटलेले नाही. राज्याने जे नियम केले त्यांमुळे बैलाचा छळ कमी होईल, म्हणून हे कायदे टिकले. म्हणजे आजचा पट नियमांच्या खांबावर उभा आहे. खांब आपणच पोखरला तर मांडव आपल्याच डोक्यावर येईल. एका गावी धुरकऱ्याने टोचणी वापरली, कोणी तिचे चित्रण केले, तर ते चित्रण साऱ्या महाराष्ट्राच्या जोड्यांविरुद्ध पुरावा होऊ शकते.

परवानगीच्या मुख्य अटी

पटाची परवानगी समितीने काढायची असली तरी जोडीवाल्यालाही अटी माहीत हव्यात. मुख्य अटी अशा:

१) जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी. अर्जासोबत ५०,००० रुपयांची प्रतिभूती ठेव द्यावी लागते.

२) धावपट्टीची लांबी १,००० मीटरपेक्षा जास्त नको. पट्टी खडकाळ, दगडधोंड्यांची, चिखलाची किंवा तीव्र उताराची नको. रहदारीच्या रस्त्यावर शर्यत नको.

३) जोडीची पशुवैद्यकाकडून तपासणी होऊन ती पळण्यास लायक असल्याचा दाखला हवा.

४) काठी, चाबूक, तुतारी, विजेचा धक्का, टोचणी यांपैकी काहीही चालणार नाही. शेपटी पिरगाळणे, चावणे, लाथा मारणे हाही गुन्हा आहे.

५) बैलाला दारू किंवा कोणतेही उत्तेजक औषध देता येणार नाही.

६) बैलासोबत घोडा जुंपता येणार नाही.

७) जागेवर सावली, पाणी, पशुवैद्यक आणि रुग्णवाहिकेची सोय हवी. शर्यतीचे चित्रीकरण करून ते प्रशासनाकडे द्यावे लागते.

हे मोडल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ५ लाख म्हणजे काय, हे कास्तकाराला वेगळे सांगायला नको. पत्रक चांगले छापले आहे, पाहुणे मोठे आहेत, एवढ्यावर विसंबून जाऊ नका. समितीला सरळ विचारा, 'भाऊ, परवानगीचा कागद दाखवा.' खरी समिती राग मानणार नाही. जी समिती टाळाटाळ करील तिथे जोडी टेम्पोतून उतरवूच नका. पटावर पैशाची पैज लावणे हाही गुन्हा आहे, त्या घोळक्यात मुलांना उभे राहू देऊ नका.

साथीच्या दिवसांतही नियम आडवा येतो तो आपल्या भल्यासाठी. २०२२ साली लम्पी चर्मरोग पसरला तेव्हा राज्यात जनावरांचे बाजार आणि शर्यती थांबवल्या होत्या. पुष्कळांना ते जाचक वाटले. पण चार जिल्ह्यांच्या जोड्या एका जागी आल्या असत्या, तर रोग कोणत्या गोठ्यात गेला नसता?

जोडी तयार करताना

बैलाचे वय दातांवरून ओळखतात हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. आदत, दुसा, चौसा, सहादाती आणि जुळलेला या पायऱ्या आहेत. दुधाचे दात असलेल्या गोऱ्ह्याला भरधाव पळवू नये. त्याची हाडे व सांधे अजून भरायचे असतात. त्याला हाकेची, जुवाची, गर्दीची सवय लावावी, वेग नंतर येतो. दोन दात आल्यावर हलका सराव, पुढे हळूहळू अंतर वाढवावे. मोटारीच्या शर्यतीत लहान इंजिन लहान इंजिनाशी लढते, त्याप्रमाणे पटातही गट पाडलेले असतात. कोवळा गोऱ्हा मोठ्या गटात घालून लवकर नाव कमवू पाहणारा दोन हंगामांत जनावर घालवून बसतो.

खुराकाविषयी गैरसमज फार. पटाच्या आठ दिवस आधी एकदम कणीक, गूळ, अंडी, ढेप यांचा मारा करतात. बैल हे रवंथ करणारे जनावर. त्याच्या पोटातल्या जिवाणूंना नव्या खाद्याशी जुळायला दोन-तीन आठवडे लागतात. एकदम धान्य पडले की पोटात आंबट वाढते, रवंथ बंद होते, पोट फुगते आणि कधी जनावर दगावते. म्हणून खुराक थोडा थोडा वाढवावा. ४०० किलो वजनाच्या बैलाला दिवसाला साधारण १० किलो कोरडा चारा लागतो. त्यात कडब्याची कुट्टी, तणस आणि जमल्यास हिरवा चारा यांचा मेळ घालावा. जवसाची किंवा सरकीची ढेप बेताने द्यावी. रोज ३० ते ५० ग्रॅम मीठ आणि क्षार मिश्रण द्यावे. पाणी केव्हाही तोडू नये. पळून आल्यावर मात्र धाप बसू द्यावी, मग थोडे थोडे पाणी पाजावे.

धाप मोजायची सोपी रीत आहे. बैल शांत उभा असताना त्याच्या कुशीची हालचाल एक मिनिट मोजा. ती साधारण १५ ते ३० च्या दरम्यान भरते. तुमच्या बैलाचा आकडा लिहून ठेवा. पळून आल्यावर तो वाढणारच. विसाव्यानंतर तो मूळ आकड्याजवळ येईपर्यंत दुसऱ्यांदा जुंपू नका. तोंडाला फेस, जीभ बाहेर, पाय अडखळणे, यांतले काहीही दिसले तर त्या दिवसाचा पट संपला असे समजा. दुसऱ्या फेरीला नंबर लागला आहे, लोक हाका मारत आहेत, तेव्हाच मालकाची खरी परीक्षा असते.

खुरांकडे रोज पाहावे. खुरांत खडा, भेग किंवा सैल नाल असेल तर जोडी पट्टीवर नेऊ नये. पोळ्याला ज्या खांद्याला आपण प्रेमाने हळद-तूप लावतो, तो खांदा पटाच्या हंगामात आठवड्यातून एकदा तरी हाताने चाचपावा. सूज, चट्टा, गरमपणा जाणवला तर जू ठेवू नये. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि लम्पी यांच्या लसी हंगामाच्या आधीच उरकून घ्याव्यात. लस टोचल्यावर लगेच पळवू नये. पशुधनासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे, तो गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

टेम्पोतला प्रवास

पुष्कळ जोड्या पट्टीवर हरत नाहीत, टेम्पोत हरतात. रात्रभर दाटीत उभी राहिलेली, वळणावळणावर तोल सावरत आलेली जोडी सकाळी पळणार कशी? जनावरांच्या वाहतुकीचे नियम १९७८ सालापासून आहेत. एका मालमोटारीत सहापेक्षा जास्त गुरे नकोत, प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा. तोंड इंजिनाकडे करून बांधावे, म्हणजे जनावर घाबरत नाही. खाली तणसाचा जाड थर द्यावा. लांबच्या पटाला आदल्या दिवशी पोहोचून जनावरांना रात्रीचा विसावा द्यावा. कानातला १२ आकडी बिल्ला असल्याशिवाय जोडी हलवू नये. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतुकीलाही राज्यात मनाई आहे.

घरचा हिशेब

आता नाजूक विषय. घरच्या लक्ष्मीने हा भाग मोठ्याने वाचून दाखवावा, असे मी सुचवीन. समजा, एका पटाची प्रवेश फी १,०००, टेम्पोचे भाडे ४,००० आणि माणसांचा खर्च १,०००, म्हणजे ६,००० रुपये झाले. हंगामात दहा पट केले तर ६०,०००. जोडीच्या जादा खुराकाला रोज ३०० रुपये धरले तर चार महिन्यांचे ३६,०००. एकूण ९६,००० रुपये. यात जोडीची किंमत धरलेली नाही, घरच्या माणसांची मेहनतही धरलेली नाही. आता समजा, एका पटात ५१,००० चे पहिले आणि दोन पटांत ११,००० ची बक्षिसे मिळाली. बेरीज ७३,०००. नाव झाले, फेटा बांधला, छायाचित्र निघाले, आणि २३,००० रुपये अंगावर पडले. हा झाला जिंकणाऱ्याचा हिशेब. हरणाऱ्याचा तुम्हीच करा.

जोडीसाठी मंगळसूत्र गहाण टाकलेली घरे मी पाहिली आहेत. पीक कर्जाची रक्कम उचलून जोडी आणणारेही पाहिले आहेत. पुढच्या मृगाला त्यांच्या हाती बियाण्याचे पैसे नसतात. पट हा नाद आहे, धंदा नव्हे. भजनाचा, कुस्तीचा, नाटकाचा नाद असतो तसा. नादाला घराच्या शिलकीतून खर्च करावा, कर्जातून नव्हे. पश्चिम महाराष्ट्रात ट्रॅक्टर आणि मोटारीची बक्षिसे लागतात, हे ऐकून डोळे फिरवून घेऊ नका. मोटार एकाच घरी जाते, बाकीचे सगळे डिझेल जाळून रिकामे परततात.

यासाठी एक साधी वही घाला. तारीख, गाव, पट्टीचे अंतर, जोडीला लागलेला वेळ, खर्च, बक्षीस आणि दुसऱ्या दिवशीची जोडीची प्रकृती, असे सात रकाने. मोटार शर्यतीवाले हंगामभराच्या गुणांवर विजेता ठरवतात, आपणही एका दिवसाच्या गुलालावर न जाता हंगामभराच्या वहीवर जोडीची पारख करावी. पुढे जोडी विकायची झाली तर हीच वही तिचा भाव सांगेल.

मग पट हवाच कशाला?

हवा, कारण त्याने गोठ्यात गोऱ्हा टिकतो. देशात २०१२ च्या पशुगणनेत गोवंशाचे नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ च्या गणनेत ते ४ कोटी ७४ लाखांवर आले. सात वर्षांत दहातले तीन कमी. ट्रॅक्टर आला, संकरित गाई आल्या, गोऱ्हा पोसणे परवडेनासे झाले. पटामुळे निदान चांगल्या गोऱ्ह्याला किंमत राहते, तो कोणी हौसेने वाढवतो.

आपल्या भागाला तर देणगीच लाभली आहे. वर्धा, नागपूर आणि पलीकडे छिंदवाड्यापर्यंतचा गौळाऊ बैल चपळ चालीसाठी नावाजलेला. मराठ्यांच्या फौजांचे सामान डोंगरवाटांनी झपाझप वाहणारा हाच. वर्धा जिल्ह्यात कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे या जातीच्या पैदाशीचे सरकारी केंद्र आहे. ज्यांना जोडी करायची आहे त्यांनी दूरची महागडी जोडी आणण्याआधी घरच्या गौळाऊ गाईला चांगल्या वळूकडून भरवून गोऱ्हा घरीच तयार करावा. चार वर्षे लागतील, पण कर्ज लागणार नाही आणि जातही राखली जाईल. सल्ल्याला नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे.

पट कसा राखावा याचे उदाहरणही विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे तालुक्यातील तळेगाव दशासर येथे कृषक सुधारक मंडळाचा शंकरपट पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथे महिलांनीही जोड्या हाकल्या आहेत. रोज पहाटे गोठ्यात शेण काढणारी, कुट्टी घालणारी, बैलाचा आवाज ओळखणारी बाई कासरा धरते, तेव्हा बैलाला तुतारीची गरज लागत नाही, हे वेगळे सांगायला नको.

शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदा जोडी बाहेर काढण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा गोठ्यात उभे राहावे. खूर पाहावेत, खांदा चाचपावा, धाप मोजावी, बिल्ला पाहावा, वही उघडावी. समितीचा परवाना पाहावा. हे सगळे ठीक असेल तर खुशाल जा, शंकराचे नाव घेऊन जोडी सोडा. एखादी गोष्ट ठीक नसेल तर त्या दिवशी पट पाहायला जा, जोडी घरी राहू द्या. पुढच्या आठवड्यात आणखी कुठल्या गावी पट असेलच. आणि मृगाचा पाऊस पडल्यावर वखर ओढायला धडधाकट बैल लागतात, गुलाल नव्हे.